मावळांतील बोली व न्यायासनापुढील साक्ष

जुने महजर, करीने व निवाडपत्रें चाळणाऱ्या वाचकांच्या ध्यानांत एक गोष्ट आलीच असेल. वादी कारीचा असो कीं कानद खोऱ्यांतील एखाद्या वाडीचा असो, त्याची तकरीर कागदावर उतरली म्हणजे तिची भाषा इतर सर्वांच्या तकरिरीसारखी होते. आधीं तक्रार सांगणारा अग्रवादी होतो, उत्तर देणारा पश्चिमवादी होतो, साक्ष देणारा गोही होतो; आणि कुणब्यानें तावातावानें सांगितलेली लांबलचक हकीकत दफ्तरी वळणाच्या दहा ओळींत निमूट बसते. खालीं नांगराची निशाणी असते; पण ज्याचा नांगर त्याची बोली वर कोठें दिसत नाहीं. लेखकास दफ्तरी शब्द सांपडला नाहीं अशा जागींच काय ती डोकावते : शेताच्या नांवांत, ओढ्याच्या नांवांत, शिवेवरील झाडाधोंड्यांच्या वर्णनांत. असे शब्द आले म्हणजे आपण बहुधा ‘अर्थ लागत नाहीं’ अशी टीप देऊन पुढें जातों.

प्रस्तुत लेख अशा शब्दांविषयीं आहे. मात्र उदाहरणें जुन्या कागदांपेक्षां जिवंत माणसांच्या तोंडचीं अधिक आहेत. भोर व वेल्हें या तालुक्यांतील शाळांत संस्कृत व मराठी शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें, आणि सेवानिवृत्तीनंतर एका प्रसंगानें हा विषय आमच्या गळ्यांत येऊन पडला. तो प्रसंग आम्हांस भूषणावह नाहीं. तरी तो सांगितल्यावांचून पुढील विवेचन समजणार नाहीं.

न्यायाच्या कामीं परभाषेपेक्षां स्वभाषेची बोली अधिक फसवी असते, असें आमचें मत झालें आहे. साक्षीदार कानडी किंवा तेलुगु बोलणारा असेल तर त्याचें आपणांस समजत नाहीं हें सर्वांस कळतें; दुभाष्या येतो, भाषांतर होतें. न्यायालयाच्या भाषेहून निराळ्या भाषेंत साक्ष झाली तर ती शक्य तोंवर त्याच भाषेंत उतरून घ्यावी, न साधल्यास तिचें खरें भाषांतर करावें, असें १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७७ व्या कलमांत सांगितलें होतें. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेंतहि ती व्यवस्था कायम आहे. परंतु वेल्ह्याचा शेतकरी मराठीच बोलतो, आणि राज्य शासनाच्या १९९८ च्या अधिसूचनेपासून तालुक्याच्या न्यायालयाची भाषाहि मराठीच आहे. तेव्हां दुभाष्या कशास हवा? बोलणाऱ्यास वाटतें कीं आपलें म्हणणें पोंचलें, लिहिणाऱ्यास वाटतें कीं तें समजलें. गैरसमज झाला आहे हेंच दोघांस ठाऊक नसतें.

या मुलुखाची भाषिक स्थिति थोडक्यांत सांगतों. नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी यांच्या खोऱ्यांत हिरडस मावळ, रोहिडखोरें, वेळवंड खोरें, गुंजण मावळ व कानद खोरें हे जुने विभाग येतात. १९४८ सालीं विलीन होईपर्यंत हा सारा प्रदेश पंतसचिवांच्या भोर संस्थानांत होता. संस्थानचे पांच तालुके होते. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड व पवनमावळ हे घाटावर, आणि सुधागड घाटाखालीं. (वेल्हें तालुक्यास शासनानें आतां राजगड हें नांव दिलें आहे, जुन्या कागदांच्या वाचकांस तें नवें वाटणार नाहीं.) त्यामुळें भोरच्या कचेरींत देशी व कोंकणी अशा दोन्ही धाटणींचें बोलणें रोज कानीं पडे. वरंधा व मढे घाटांनीं महाडकडे जाणें-येणें पूर्वापार आहे. आमच्या कानास असें वाटतें कीं, या बोलीचे प्रत्यय व संबोधनें देशाकडचीं आहेत, पण भातशेतीचा शब्दसंग्रह बराचसा कोंकणाशीं सामाईक आहे. खाचर, वरकस, दाढ, आवण, राब हे शब्द पुण्याच्या पेठेंत वाढलेल्या कारकुनास कोठून ठाऊक असणार?

आतां तो प्रसंग. कांहीं वर्षांपूर्वीं एका फौजदारी खटल्यांत आम्हांस साक्षीस जावें लागलें. न्यायालयाचें व पक्षकारांचें नांव देण्याचें कारण नाहीं. डोंगरकडेच्या एका वृद्ध शेतकऱ्यावर राखीव वनास आग लावल्याचा आरोप होता. १९२७ च्या वन अधिनियमाचें २६ वें कलम त्यास लावलें होतें. वैशाखांत आग लागली हें खरें, वनाचा कांहीं भाग जळाला हेंहि खरें. आरोपाचा मुख्य आधार म्हणजे वृद्धाचा स्वतःचा जबाब. त्यांत ‘मी जंगलांत पालापाचोळा पेटविला’ असें वाक्य होतें, व जबाब वाचून दाखविला, बरोबर आहे, अशी अखेरीस ओळ होती. म्हातारा म्हणे, आपण असें बोललोंच नाहीं. आपण एवढेंच सांगितलें कीं, ‘रानात राब भाजीत व्हतो.’

शहरी वाचकांकरितां दोन शब्दांचा खुलासा करितों. या भागांत, आणि घाटावर पुष्कळ ठिकाणीं, ‘रान’ म्हणजे शेतजमीन. घरधनी रानांत गेला म्हणजे शेतावर गेला. ‘राब’ म्हणजे भाताचें रोप टाकण्याची जागा भाजण्याचा विधि. रोपाच्या वाफ्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, माती यांचे थर देऊन पावसाळ्यापूर्वीं तें सर्व हळूहळू जळूं देतात. त्यायोगें तण मरतें, भुईस खत मिळतें, व मृगाच्या पावसावर रोप जोमानें उगवतें. या कामाचें क्रियापद ‘भाजणें’. ‘आग लावणें’ हें निराळें. म्हणजे म्हाताऱ्याच्या मूळ वाक्याचा अर्थ, ‘मी आपल्या शेतांत रोपाचा वाफा भाजीत होतों,’ इतकाच. लिहून घेणारा दुसऱ्या जिल्ह्यांतून नुकताच आलेला होता. त्यानें रानाचें जंगल केलें, राबाचा पालापाचोळा केला, भाजण्याचें पेटविणें केलें. प्रत्येक शब्द सुटा घेतला तर त्यानें खोटें कांहींच लिहिलें नाहीं. किंबहुना शुद्ध मराठींत लिहावें या सद्बुद्धीनेंच त्यानें तें केलें असावें.

बचावाच्या वकिलांनीं आम्हांस बोलाविलें तें ‘रान’ शब्दाचा स्थानिक अर्थ सांगण्यासाठीं. आम्ही तो सांगितला. नंतर सरकारी वकिलांनीं सौम्यपणें विचारलें, ‘गुरुजी, आपण संस्कृतज्ञ आहां. रान हा शब्द मूळ कोठला?’ येथें आमच्या विद्येनें आमचा घात केला. अरण्य, प्राकृत रण्ण, मराठी रान, अशी परंपरा आम्ही वर्गांत सांगावी तशी सांगितली. इतकेंच नव्हे, तर आद्य अकाराचा लोप कसा होतो हेंहि, कोणीं विचारलें नसतां, समजाविलें. ‘म्हणजे मूळ अर्थ अरण्य?’ ‘होय.’ ‘आणि कोशांतहि तो अर्थ आहे?’ ‘आहे.’ वकील आभार मानून खालीं बसले. पिंजऱ्यांतला म्हातारा आमच्याकडे पाहत होता. त्यास व्युत्पत्ति कळली नव्हती. पण आपल्या बाजूच्या माणसानें कांहीं तरी बिघडविलें आहे, हें त्यास कळलें होतें.

पुढची साक्षीदार त्याच वाडींतील एक म्हातारी होती. तिला न्यायाधीशांनीं स्वतः विचारलें, रान म्हणजे काय? ‘रान म्हंजी रान,’ ती म्हणाली. मग त्यांनीं प्रश्न बदलला : रानाचें तुम्ही काय करतां? त्यावर ती भराभर सांगूं लागली. वाफसा आला कीं रान नांगरायचें, रान तापूं द्यायचें, अमक्याचें रान निबर, तमक्याचें पाणथळ. ‘आणि पलीकडे झाडी आहे तें?’ ‘त्ये रान न्हाई. त्ये फारेस्ट.’ न्यायाधीशांनीं तें वाक्य जसेंच्या तसें लिहून घेतलें.

अरण्य नांगरतां येत नाहीं, त्यास वाफसा येत नाहीं, ही साधी गोष्ट आम्हांस पिंजऱ्यांत उभे असतांना सुचली नाहीं. आणि व्युत्पत्तीनेंच अर्थ करावयाचा तर ‘जंगल’ तरी कोठें टिकतो? आयुर्वेदांत जांगल देश म्हणजे आनूपाच्या उलट, थोडें पाणी व विरळ झाडी असलेला कोरडा उघडा मुलूख. आमच्याच रीतीनें पाहिलें तर म्हाताऱ्याच्या जबाबांतील जंगलांत वनाचा मागमूस राहत नव्हता. पण हेंहि घरीं परततांना एस्. टी. मध्यें सुचलें.

खटल्याचा निकाल म्हाताऱ्याच्या बाजूनें लागला. राबाची ठिणगी उडून आग पसरली कीं दुसऱ्या कोणत्या कारणानें, हा प्रश्न शब्दार्थाहून निराळा होता व त्याविषयीं पुरावा पुरेसा ठरला नाहीं. आमच्या साक्षीचा निकालांत उल्लेख नाहीं. म्हातारीच्या साक्षीचा आहे.

घरीं आल्यावर आम्ही शाबरभाष्य काढून बसलों. ज्या प्रश्नावर आम्ही फसलों तो मीमांसकांनीं फार पूर्वीं हाताळला आहे. पूर्वमीमांसेच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत दोन अधिकरणें लागोपाठ येतात. पहिल्यांत यव, वराह व वेतस या शब्दांचा विचार आहे. कोणी यव म्हणजे सातू समजतात, कोणी प्रियंगु. कोणी वराह म्हणजे डुक्कर, कोणी काळा पक्षी. निर्णय कशावरून करावा? तर वाक्यशेषावरून. ज्या संदर्भांत शब्द आला तेथील उरलेलें वाक्य काय सांगतें तें पाहावें. इतर वनस्पति सुकतात तेव्हां जे ताठ उभे राहतात ते यव; गाई ज्यामागें धांवतात तो वराह. दुसरें अधिकरण पिक, नेम, सत, तामरस अशा शब्दांचें. हे शब्द वेदांत आले, पण आर्यांच्या व्यवहारांत उरले नाहींत. म्लेच्छांच्या तोंडीं मात्र आहेत. यांचा अर्थ निरुक्त-व्याकरण लावून ठरवावा कीं म्लेच्छांस विचारावा? सिद्धान्त असा कीं म्लेच्छांस विचारावा. भाष्यकार कारणहि देतात : पक्ष्यांस पाळणें, पकडणें यांत तेच अधिक निष्णात आहेत. कोकिळाचें नांव पक्षी धरणारास ठाऊक असणार. पंडितानें धातु-प्रत्यय लावून नवा अर्थ काढूं नये. हीं अधिकरणें आम्हीं विद्यार्थिदशेंत गुरुमुखानें वाचलीं होतीं, परीक्षेंत लिहिलीं होतीं. पिंजऱ्यांत त्यांतील एकहि आठवलें नाहीं.

वाक्यशेषाचा मुद्दा आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. म्हाताऱ्याच्या वाक्यांत ‘राब भाजीत’ हा वाक्यशेष होता. तो ठेवला असता तर ‘रान’ शब्दाविषयीं शंकाच राहिली नसती. लिहिणारानें शब्द बदलले यापेक्षां त्यानें पुरावाच पुसला, हें अधिक वाईट. संदिग्ध शब्द लिहितांना जो शुद्ध करून लिहितो तो अर्थ ठरवून टाकतो, आणि पुढें तपासण्यास कांहीं उरत नाहीं. जुन्या कागदांची बालबोध नक्कल करणारे आमचे कांहीं मित्र ‘अशुद्ध’ शब्द सुधारून छापतात. त्यांनीं याचा विचार करावा.

कायद्यानें ही गोष्ट ओळखलेली आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत दोन निरनिराळीं कलमें होतीं. ४५ व्यांत परदेशचा कायदा, शास्त्र, कला, हस्ताक्षर इत्यादिकांविषयीं त्या विषयांत विशेष निपुण असलेल्या तज्ज्ञांचें मत ग्राह्य धरलें होतें. ४९ व्यांत, विशिष्ट जिल्ह्यांत किंवा विशिष्ट वर्गाच्या लोकांत वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या अर्थाविषयीं, तो जाणण्याचें विशेष साधन ज्यांस आहे अशांचें मत ग्राह्य धरलें होतें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या साक्ष अधिनियमांत हींच कलमें अनुक्रमें ३९ व ४३ या आंकड्यांनीं आलीं आहेत. ४९ व्या कलमांत निपुणतेची अट नाहीं. जाणण्याचें साधन असावें, इतकेंच. वाडींतील म्हातारीस तें साधन जन्मतः होतें. आम्हांस तीस-पस्तीस वर्षांच्या सहवासानें थोडेंबहुत लाभलें होतें, तें व्युत्पत्तीच्या भरांत आम्हीं झांकून टाकलें. लेखी दस्तऐवजांपुरतें आणखी एक कलम आहे, जुनें ९८ वें, नवें १०१ वें : न समजणारीं अक्षरें, परकीय, लुप्त, पारिभाषिक, स्थानिक व प्रांतिक शब्द यांचा अर्थ दाखविण्यास पुरावा देतां येतो. मोडी कागद पुढें आले म्हणजे या कलमाचें काम पडतें. आपल्यासारख्यांस न्यायालयाचें बोलावणें आलें तर बहुधा याच वाटेनें येईल.

तर मग भाषापंडिताचें कामच नाहीं काय? तसें नाहीं. जाणकार प्रयोग सांगतो, पण ध्वनीचे नियम त्यास सांगतां येत नाहींत. या बोलींत पुष्कळांच्या तोंडीं ‘ण’चा ‘न’ होतो. पाणी तें पानी, लोणी तें लोनी. त्यामुळें शिवेवरची ‘खूण’ ही ‘खून’ अशी ऐकूं येते. हें ऐकून हंसूं येईल. परंतु बांधाच्या भांडणांत जेथें मारामारीहि झालेली असते, तेथें ‘खून’ शब्द घाईनें लिहिला जाणें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. येथें व्याकरण उपयोगी पडतें. खूण स्त्रीलिंगी, खून पुल्लिंगी. म्हणून ‘खून केली’ व ‘खून केला’ हीं स्पष्ट निराळीं, आणि सामान्यरूपांतहि खुणेचा ‘खुनेचा’ होईल, ‘खुनाचा’ होणार नाहीं. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाहीं व शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं, त्यामुळें कागदावर तर क्रियापदाच्या लिंगाखेरीज दुसरा आधारच नसतो. ‘सण’ व ‘सन’, ‘मण’ व ‘मन’ यांचेंहि असेंच. डेक्कन कॉलेजानें राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्यानें मराठीच्या बोलींचें जें सर्वेक्षण हातीं घेतलें, त्यासारखें साहित्य अशा वेळीं न्यायालयापुढें ठेवण्यासारखें आहे. १९०५ सालीं निघालेला ग्रिअर्सनचा मराठीवरील खंड मार्गदर्शक खरा, पण त्यांतील नमुन्यांवरून एका खोऱ्याचा शब्द ठरविणें धाडसाचें होईल.

नात्यांचे शब्द दिवाणी कामांत घोटाळा करितात. ‘जमीन माझ्या मालकाची’ असें बाई म्हणते तेव्हां ती कूळ नसून वारस असते. मालक म्हणजे नवरा. कारभारी म्हणजेहि नवराच. आपण दफ्तरांत रमणारे लोक कारभारी म्हटलें कीं संस्थानचा दिवाण पाहतों. ‘आम्ही तिघं भाऊ’ यांत एक सख्खा व एक चुलत असूं शकतो, आणि वारसनोंदीच्या वेळीं हा भेद कोणीं विचारलाच नाहीं तर पुढें दोन पिढ्या फेरफार दुरुस्तीचे अर्ज करीत बसतात.

काळाच्या शब्दांविषयीं एकच सांगतों. ‘दिवस कासराभर वर आला व्हता’, ‘कडुसं पडलं व्हतं’, हीं वाक्यें जबाबांत ‘सकाळीं सुमारें ७ वाजतां’, ‘सायंकाळीं ७ वाजतां’ अशीं होतात, आणि उलटतपासणींत त्या ७ च्या आंकड्यावरून माणूस खोटा ठरतो. उलट ‘गुदस्ता’ हा शब्द घ्या. गेल्या वर्षीं या अर्थीं कुणबी तो सर्रास वापरतो. आजच्या तरुण कारकुनास तो कळत नाहीं. आणि पेशवे दफ्तरांतील ‘साल गुदस्त’ ज्यानें शेकडों वेळां वाचलें त्यास तो तत्क्षणीं कळतो. एका फारशी शब्दापुरते कां होईना, कुणबी व दफ्तरवाला हे शेजारी आहेत, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

गोतसभेच्या काळीं ही अडचण कमी भासत असावी. सभेस बसलेले देशमुख, देशपांडे, पाटील व बलुतेदार त्याच खोऱ्यांतले. खाचर कोणतें, वरकस कोणती, हें त्यांस विचारावें लागत नसे. शिवेच्या तंट्यांत महाराची साक्ष वजनदार मानीत. कारण शीव राखणें हें त्याचें काम, व तिच्या खुणा पायाखालच्या. शाबरभाष्यांतील पक्षी पाळणाऱ्याच्या न्यायाचाच हा प्रकार. अर्थात् त्या सभेंत दुसरे दोष होतेच. जातीचा व वतनाचा दाब होता, दिव्यासाठीं तापलेल्या तेलांत हात घालावा लागे. ते दिवस परत यावेत असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. शब्दाचा अर्थ जाणणारा माणूस सभेंतच बसलेला असे, एवढीच सोय आज उरलेली नाहीं.

त्या खटल्यानंतर आम्हीं एक वही घातली आहे. तींत शब्द लिहितांना अर्थ शेवटीं लिहितों. आधीं संपूर्ण वाक्य, जसें ऐकलें तसें. मग गांव, बोलणाराचें वय व धंदा, कोणत्या कामाच्या वेळीं बोलला तें. आणि मग वाटल्यास व्युत्पत्ति, निराळ्या शाईनें. आजवर साडेचारशेंच्या आसपास वाक्यें जमलीं. भाटघर धरणाच्या पाण्याखालीं ज्यांचीं खाचरें गेलीं अशा घराण्यांतील वृद्धांकडून शेतांचीं नांवें मिळविण्याचें काम अर्धवट आहे, आणि सांगणारे दरवर्षीं कमी होत आहेत. ज्या संग्राहकांपाशीं गुंजण मावळ, कानद खोरें, वेळवंड खोरें अथवा हिरडस मावळ येथील महजर, वांटणीपत्रें किंवा गहाणखतें असतील, त्यांनीं त्यांतील अर्थ न लागलेले शब्द आम्हांस कळवावेत. सुटा शब्द पाठवूं नये. आगेमागेच्या ओळी, कागदांत आहेत तशा, न सुधारतां उतरून पाठवाव्या. ज्या गांवचा कागद असेल त्या गांवीं तो नेऊन वाचून दाखविण्याची आमची तयारी आहे.